अध्यक्षांवर खटला

कट्.

भर दुपारी, सगळं घर गप्प पडलेलं असताना ट्रान्झिस्टरचं बटण वाजलं आणि यशोदाच्या मांडीवर पेंगुळलेली तिची लेक करुणा दचकली. यशोदानं तिला थोपटलं. खाटेवर तिचे सासरे, सावळीराम, उठून बसले होते. रेल्वेत फाटकवाला म्हणून उभी हयात काढलेला माणूस. इगतपुरीच्या पावसात कंदील धरून धरून त्यांचा उजवा हात कोपरात किंचित वाकलेला होता. त्याच हातानं त्यांनी ट्रान्झिस्टर कानाशी धरला होता. दिल्लीच्या बातम्या झाल्या, उसाच्या झाल्या, मग बातम्या देणारी बाई परदेशाकडे वळली. "इराण आणि इराक यांच्या सरहद्दीवर..." एवढं ती म्हणते न म्हणते तोच पुन्हा कट्.

"काही नाही," सावळीराम म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

रोजचंच होतं हे. तवा तापलाय का ते बघायला बोट टेकवावं आणि चटकन काढून घ्यावं, तशी ती बातमी ऐकायचे ते. ऐकल्याशिवाय राहवत नव्हतं आणि पुरती ऐकायची छाती नव्हती.

यशोदाचा नवरा चंदर वेल्डर होता. एका कंपनीनं त्याला इराकात नेलं, बसऱ्याच्या बाजूला, पाण्याच्या मोठमोठ्या पाइपांच्या कामावर. वर्षानं सुट्टीवर आला तेव्हा रंगानं आणखी काळा आणि बोलण्यात दुप्पट झाला होता. आंब्याचे दिवस होते. नाशिकरोडला रेल्वे लाइनीपलीकडच्या त्यांच्या वसाहतीत, नळापाशी, पारावर, जिथे बसेल तिथे तो तिकडच्या गोष्टी सांगायचा. मग परत गेला. पुढे सप्टेंबरात तिथल्या राष्ट्राध्यक्षानं शेजारच्या देशावर चाल केली आणि चंदरची खबर बंद झाली ती झालीच. दिवाळीला त्याच छावणीतला निफाडचा खंडेराव कुवेतमार्गे परतला. त्याला एवढंच ठाऊक होतं की छावणी सोडायच्या आदल्या दिवशी चंदर दुसऱ्या छावणीवर वेल्डिंगला गेला होता आणि पहाटे तो रस्ता बंद झाला. "मी ट्रकमधनं लय वेळ मागं बघत होतो वहिनी," एवढंच तो परत परत म्हणत राहिला. सावळीराम कंपनीच्या मुंबईच्या हापिसात हेलपाटे घालून थकले. चौकशी चालू आहे, असं तिथं सांगायचे.

आता एप्रिल उजाडला होता.

वसाहतीत बाबासाहेबांच्या जयंतीचा आठवडा म्हणजे वर्षाचा सण. व्याख्यानं, भीमगीतं, पोरांच्या शर्यती, आणि एका संध्याकाळी अभिरूप न्यायालय. म्हणजे कोर्ट खोटं, वाद खरा. एखाद्या विषयाला आरोपी करायचं, दोन बाजूंनी वकील उभे करायचे, लोकांनी पोट धरून हसायचं आणि शेवटी न्यायाधीशानं मजेशीर शिक्षा ठोठावायची. मागच्या साली हुंड्यावर खटला चालला होता. हुंडा झालेल्या माणसाला महिनाभर बायकोच्या आधी उठून नळावर नंबर लावायची शिक्षा झाली, आणि ती त्याच्या बायकोनं खरोखर भोगायला लावली.

या वेळचा विषय जयरामनं काढला. नगरपालिकेत कारकुनी करून सकाळच्या कॉलेजात वकिली शिकणारा, पेपरातलं अक्षर न् अक्षर वाचणारा पोरगा. इराकच्या राष्ट्राध्यक्षावर खटला: त्यानं देशासाठी केलं काय, आणि लढाईवर जायचा त्याचा निर्णय बरोबर का चूक? नळाजवळच्या फळ्यावर तो खडूनं लिहायला लागला खरा, पण अक्षरं मोठी झाली आणि 'राष्ट्र' बसेना. शेवटी फळ्यावर राहिलं ते एवढंच: 'अध्यक्षांवर खटला! सर्वांनी यावे.'

सकाळी पाणी भरायला गेलेल्या बायकांनी ते वाचलं आणि अर्ध्या तासात जयंती कमिटीचे अध्यक्ष रंगनाथराव बनियनवरच फळ्यापाशी हजर.

"माझ्यावर खटला? कुणी लिहिलं हे? मांडवाचं काम मी मेव्हण्याला दिलेलं नाही! त्याचं तोंड बघत नाही मी!"

"पण तुम्हाला कुणी विचारलं का मेव्हण्याचं?" नळावरून भिमाबाई म्हणाली. "ह्यो तर सोताच कबूल व्हाया लागला."

जयरामनं समजूत काढली तेव्हा रंगनाथराव हसता हसता लाल झाले. म्हणाले, "मग ऐका. अध्यक्षाच्या पिंजऱ्यात अध्यक्षच उभा राहील. दुसऱ्या कुणाला मान देणार नाही."

आरोपी मिळाला. सरकारी वकील जयराम स्वतः. न्यायाधीश दरवर्षीप्रमाणे सावळीराम. त्यांना विचारायला गेलेला जयराम दारात चुळबुळत उभा होता, पण म्हाताऱ्यानं नुसती होकाराची मान हलवली. प्रश्न राहिला आरोपीच्या वकिलाचा. त्या माणसाची बाजू घ्यायला कोण तयार होणार?

"मी घेते," यशोदा म्हणाली.

जयराम बघतच राहिला. "वहिनी, तुम्ही? त्याची बाजू?"

"कुणीतरी घ्यायला हवी ना. बिनवकिलाचा खटला चालवशील?"

वसाहतीत कुजबुज झाली. ज्यानं हिच्या नवऱ्याला अडकवलं त्याचंच वकीलपत्र? यशोदा बालवाडी चालवायची, शाळेत असताना वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली, तेव्हा बोलायला ती कमी पडणार नव्हतीच. पण हे का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगता आलं असतं की नाही कोण जाणे. करुणा झोपली, सासरे पारावर गेले की त्या चोरट्या वेळात ती पाटीवर मुद्दे लिहायची आणि मनात एकच हिशेब घोळायचा. हा अध्यक्ष शहाणा असेल, तर लढाई त्यानं विचार करून सुरू केली असेल. विचार करून सुरू केली असेल, तर विचार करून थांबवेलही. थांबली की रस्ते मोकळे होतील. रस्ते मोकळे झाले की चंदर येईल. आणि तो अध्यक्ष मूर्ख ठरला, खुनी ठरला, तर? त्या 'तर'च्या पुढे ती पाटी पुसून टाकायची.

एके दुपारी भिमाबाई वाटीभर उडदाच्या डांगराचं पीठ घेऊन आली. उंबऱ्यावर टेकली.

"घे. ताकात कालव. चंदरला लय आवडायचं."

"आवडतं," यशोदा म्हणाली.

"आं?"

"आवडतं म्हणा, मावशी. आवडायचं नाही."

भिमाबाई वाटी पुढे सरकवून हळूच म्हणाली, "आवडतं बाई, आवडतं. माझी जीभ जुनी झाली."

पण तिच्या एकटीची नव्हती ती जीभ. होळीपासून यशोदा हे ऐकत होती. आधी सगळे म्हणायचे, चंदर येईल, चंदर असा आहे, चंदर तसा आहे. मग कधीतरी, कुणी न ठरवता, वसाहतीच्या बोलण्यातला 'आहे' झिजला. चंदर गायचा छान. चंदर पोरांना खांद्यावर घ्यायचा. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. नुसतं व्याकरण बदललं होतं, आणि त्या व्याकरणात तिचा नवरा रोज थोडा थोडा मागे सरकत होता.

खटल्याच्या संध्याकाळी विहारापुढचं पटांगण फुललं. दिवेलागण झाली होती, ट्यूबलाइटभोवती किडे जमले होते, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मधे पोरांची नुसती खिचडी. टेबलामागे सावळीराम, अंगात काळा कोट, समोर हातोडा म्हणून लाटणं. पिंजरा म्हणजे शेजारच्या गोठ्यातली लाकडी गव्हाण उभी केलेली. रंगनाथराव अवतरले तेव्हा मांडव हसून फुटायचाच बाकी राहिला. देवळाली कॅम्पातल्या कुण्या शिपायाची टोपी, काजळानं जाड केलेल्या मिशा, छातीवर सोड्याच्या बाटल्यांची बुचं बिल्ल्यांसारखी ओळीनं टाचलेली.

जयराम उठला. "आरोपीचं नाव?"

"अध्यक्ष."

"कशाचे?"

"कालपर्यंत जयंती कमिटीचा. आज इराकचा. बढती झाली."

"शेजाऱ्यावर चाल करून जायचं कारण?"

"नदी. हद्दीवरची नदी कुणाची, यावर भांडण."

"त्या नदीबद्दल करार झाला होता ना?"

"झाला होता."

"सही कुणाची होती?"

"माझीच."

"आणि फाडला कुणी?"

"मीच," रंगनाथरावांनी मिशीला पीळ दिला आणि मांडव पुन्हा हसला.

"न्यायाधीश महाराज!" जयराम गर्जला. "दारणा नदीचं पाणी आपल्या नळाला दोन दिवस आलं नाही, तर आपण बंदुका घेऊन वरच्या घोटीवर चालून जायचं का?"

"जायला पायजेल!" मागून कुणीतरी ओरडलं. "बंदुका दे, आत्ता निघतो!"

लाटणं वाजलं. मग आरोपीच्या वकिलाचा पुकारा झाला आणि यशोदा उठली. करुणा भिमाबाईच्या मांडीवर होती. हसू हळूहळू विरलं.

"न्यायाधीश महाराज," ती म्हणाली, "माझ्या अशिलाला एका दिवसावरून जोखू नका. त्याची सगळी कारकीर्द बघा. त्याच्या देशातलं तेल परक्या कंपन्या नेत होत्या, ते देशाचं झालं. तेलाच्या पैशातून दवाखाने झाले, खेड्यात वीज गेली. आणि शाळा! तिथं अडाणी राहायचं नाही असा कायदा आहे. म्हाताऱ्या बायांनासुद्धा संध्याकाळी शाळेत बसावं लागतं, नाही गेल्या तर शिक्षा."

"बरं हाय मी हितं हाय," भिमाबाई पुटपुटली, आणि बायकांची ओळ खुसखुसली.

यशोदाही हसली. "हे पेपरातलं नाही सांगत. माझ्या मालकांनी बघितलंय. ते सांगतात, पंचावन्न वर्षांची बाई पाटीवर आपलं नाव काढत होती आणि नातू तिचा हात धरून गिरवून घेत होता. शिका, नाहीतर शिक्षा करीन, असा हुकूम काढणारा राजा आपल्या पणज्यांना मिळाला होता का? आपल्याला तर शाळेच्या बाहेर बसवणारे मिळाले. आणखी सांगतात, तहान लागली म्हणून एका घरी पाणी मागितलं. घरधन्यानं विचारलं, कुठला? हे म्हणाले, हिंदी. बस्स. त्याच्या पुढचा प्रश्न आलाच नाही. आडनाव नाही, वस्ती नाही. घरातल्या पेल्यात पाणी आलं."

आता पटांगणात कुणी हसत नव्हतं. रंगनाथरावांनी नकळत छातीवरची बुचं हातानं झाकली होती.

"असा माणूस लढाईला उभा राहिला तर त्यानं काही विचार केला असेल. आणि ज्याला विचार करता येतो त्याला थांबताही येतं. तो थांबेल. आज नाही, चार दिवसांनी. पण थांबेल. मग रस्ते मोकळे होतील. मग..." इथे तिचा वकिली आवाज सुटला. "मग माणसं घरी येतील," ती साध्या आवाजात म्हणाली आणि खाली बसली.

टाळ्या पडल्या. जयराम उठला तेव्हा त्याचे कान तापले होते. वादाचा पोरगा, समोरचा मुद्दा चांगला निघाला की त्याला भानच राहायचं नाही.

"महाराज, वहिनींनी... आरोपीच्या वकिलांनी शाळा सांगितल्या. मान्य. मी विचारतो, शाळा काढल्या म्हणून त्याच शाळेतली पोरं तोफेपुढं उभी करायचा परवाना मिळतो का? ज्या हातानं लिहायला शिकवलं त्याच हातानं करार फाडला. गादीवर बसल्या बसल्या ज्यानं आपल्याच सोबत्यांना गोळ्या घातल्या, तो दुसऱ्यांच्या लेकरांचा विचार करील? आठ दिवसांत संपवतो म्हणाला होता. सात महिने झाले! विचार करून सुरू केलेली लढाई अशी असते? लढाई सुरू करणं त्याच्या हातात असतं, थांबवणं त्याच्या हातात उरतच नाही. कोण गेलं या लढाईत? इकडची पोरं गेली, तिकडची पोरं गेली. आणि ज्याचं त्या नदीशी देणंघेणं नव्हतं, जो नुसता पोटासाठी तिथं होता, तो आपला चंदरदादाही..."

आणि तो थांबला.

हात तसाच वर राहिला. मागच्या रेल्वे लाइनीवरून एक मालगाडी निघाली, तिचे डबे एकामागून एक ओढले जाण्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला.

यशोदा हळूहळू उभी राहिली. "सरकारी वकील, वाक्य पुरं करा."

"वहिनी, चुकलं माझं."

"चुकलं म्हणत नाही मी. पुरं करा. चंदरदादाही... काय?" 'गेला' म्हणायचं होतं याला? 'अडकला'? 'आहे'? बालवाडीतली पोरं अशीच मधेच अडायची, तेव्हा ती शेवटचा शब्द हातात ठेवायची त्यांच्या. आज तिच्याकडे तो नव्हता. "न्यायाधीश महाराज, अर्ध्या वाक्यावर खटला चालत नाही. यांना क्रियापद सांगायला लावा."

जयरामनं वर राहिलेला हात खाली घेतला. रंगनाथरावांनी टोपी काढून हातात घेतली, घामानं मिशी गालावर ओघळली होती.

"पोरी, बस खाली," भिमाबाई म्हणाली. "बस माझी बाय."

यशोदा बसली नाही. ती सासऱ्यांकडे बघत होती. सगळं पटांगण त्यांच्याकडे बघत होतं. त्यांच्या पुढ्यात जयरामनं आधीच लिहून दिलेला निकाल होता: आरोपी दोषी, विंचूरच्या बाजारात उन्हाळाभर कांदे निवडायची शिक्षा. म्हाताऱ्यानं तो कागद उलटा केला. लाटणं उचललं, पण आपटलं नाही. आवाज होऊ नये अशा बेतानं आडवं ठेवलं.

"मी फाटकवाला," सावळीराम म्हणाले. आवाज घोगरा होता, पण ठाम. "गाडी गेली असं पुढच्या ठेसनानं कळवल्याशिवाय मी जन्मात कधी फाटक उघडलं नाही. माझ्यापाशी कुणी काही कळवलेलं नाही." मग त्यांनी कोर्टातलं वाक्य अक्षर अक्षर लावून म्हटलं, "निकाल राखून ठेवण्यात येत आहे."

टाळी कुणीच वाजवली नाही. रंगनाथरावांनी घाईघाईनं गाण्याच्या पार्टीला बोलावलं, पेटीवाला सूर धरायला लागला. सावळीराम काळा कोट घडी करून काखेत मारून निघाले. यशोदानं भिमाबाईकडून करुणाला घेतलं आणि त्यांच्या मागोमाग निघाली.

गल्लीच्या तोंडाशी जयराम धावत आला. "वहिनी, खरंच सांगतो, माझ्या मनात..."

"तुझं बरोबर होतं रे," यशोदा म्हणाली. "सगळं बरोबर होतं. जा, गाणं सुरू झालंय."

तो उभाच राहिला. ती पुढे गेली. तिलाही ठाऊक होतं ना ते. मुद्दे लिहून पुसायची तेव्हापासून ठाऊक होतं. आपलं अशील हरणारं आहे हे वकिलाला सगळ्यात आधी कळतं.

"मामा," तिनं पुढे चालणाऱ्या सासऱ्यांना हाक मारली, "खरं सांगा. दोषी ना तो?"

"दोषीच," ते मागे न बघता म्हणाले.

"मग तसं म्हणाला का नाहीत?"

"म्हणालो असतो गं. लोकांनी टाळ्या दिल्या असत्या. जयरामचं अर्धं वाक्य पुरं झालं असतं. आन् उद्या सकाळी भिमाबाई तुझ्या गळ्यात पडून रडायला आली असती. तिला नको म्हणायचं बळ आहे तुझ्यात? माझ्यात नाही." आणि वाकडा हात पाठीशी धरून ते भरभर पुढे निघून गेले, अंधारात डोळे पुसायला माणूस जातो तसे.

करुणा तिच्या खांद्यावर होती. झोपली असेल असं वाटलं होतं, पण ती जागी होती. मानेशी तिचा गरम श्वास लागत होता.

"आई, आबा काय म्हणाले? राखून ठेवला म्हणजे?"

"म्हणजे आज द्यायचा नाही. नंतर द्यायचा. तोवर जपून ठेवायचा."

"आपण कालवण राखून ठेवतो तसा?"

"तसाच."

वाऱ्याची झुळूकही नव्हती, दिवसभर तापलेल्या भिंती अजून उष्ण वाफ सोडत होत्या. मग पोरीनं मान उचलून आईच्या तोंडाकडे बघितलं.

"पण आई, एवढ्या उन्हाळ्यात राखून ठेवलेलं नासत नाही का गं?"